साहेबांचं कॅलेंडर आणि घरचे शेअर्स

प्रश्न : पुण्यातल्या एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीच्या खरेदी विभागातून मी नुकतीच सीईओंची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट झाले. सकाळी लावलेलं कॅलेंडर दुपारपर्यंत कोलमडतं. मार्चमध्ये तर न्यूयॉर्कचा साप्ताहिक कॉलच हुकला. मी छापून दिलेल्या दिनक्रमात साडेसहा होते, कॉल साडेपाचलाच सुरू झाला होता. चूक कुठे होतेय?

उत्तर : आधी कॉलचं बघू. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ बदलत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच. तुमचं इन्व्हाइट न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेलं असणार. ते आपोआप सरकलं, कागदावर मात्र जुनीच वेळ राहिली. दिनक्रम मागच्या आठवड्याच्या फाइलवरून कधीच बनवू नका, रोज कॅलेंडरवरूनच काढा. लंडनही कॉलवर असेल तर जास्त जपा. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा न्यूयॉर्क-लंडनमधलं अंतर पाचऐवजी चारच तासांचं असतं.

दिवस कोलमडतो तो बहुधा मीटिंगला मीटिंग चिकटवल्याने. प्रत्येक मीटिंग दहा मिनिटं लांबली की पाचवी चाळीस मिनिटं उशिरा सुरू होते. अर्ध्या तासाची मीटिंग 25 मिनिटांची आणि तासाची 50 मिनिटांची लावा. सकाळी एक आणि दुपारी एक, असा अर्धा-अर्धा तास मोकळा ठेवा. ऐनवेळचं काम येणारच, त्याला जागा आधीच हवी. प्रवासाची नोंद वेगळी करा. पुण्याहून मुंबईच्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) गाडीने जायचं तर साडेतीन-चार तास धरा आणि द्रुतगती मार्गावरच्या घाटात नेटवर्क तुटतं म्हणून त्या टप्प्यात कॉल लावू नका.

बाहेरच्या पाहुण्याला तीन पर्यायी वेळा दिल्या की तिन्ही अडवून ठेवा, आणि एक पक्की होताच उरलेल्या दोन त्याच क्षणी सोडा. हे राहून जातं. मग कॅलेंडर भरलेलं दिसतं, प्रत्यक्षात रिकामं असतं, आणि लोक थेट केबिनच्या दाराशी येतात.

वर्षाची चौकट मात्र कंपनी सेक्रेटरींकडून (कंपनी कायद्याचं आणि बोर्डाचं काम बघणारे अधिकारी) सर्वांत आधी घ्या. वर्षाला किमान चार बोर्ड मीटिंग, दोहोंत 120 दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही, नोटीस किमान सात दिवसांची. लिस्टेड कंपनीला तिमाही निकाल 45 दिवसांत आणि वार्षिक निकाल 60 दिवसांत द्यावे लागतात. त्या तारखा आणि त्याआधी कागद वाचायला साहेबांचे दोन सलग तास अडवा, दौरे मग बसवा. उलट क्रमाने गेलात तर विमानाची तिकिटं रद्द करण्यातच तिमाही जाते.

प्रश्न : माझे पती शेअर्सची खरेदी-विक्री करतात. कंपनीने त्यांचा पॅन मागितला आहे. मी साधी सहायक, हे गरजेचं आहे का?

उत्तर : हो, आणि तो द्याच. निकाल किंवा मोठा करार तुम्हाला बाजाराआधी कळतो. म्हणूनच शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या 2015च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअर्सचा व्यवहार) नियमांत अशी माहिती हाताळणारे सचिवालयीन कर्मचारीही येतात आणि जवळच्या नातेवाइकांत जोडीदार धरलाच जातो. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीच्या शेअर्सच्या व्यवहाराची मुभा असलेला काळ, बंद असते. त्या काळात तुमच्या कंपनीच्या शेअरचा व्यवहार दोघांनीही करू नये. विंडो उघडी असतानाही ठरावीक रकमेवरच्या व्यवहाराला कम्प्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आणि विंडो उघडी असली तरी हातात असलेली गुप्त माहिती वापरता येत नाही.

कॅलेंडरमधूनही माहिती फुटते. ज्या कंपनीशी बोलणी चालू आहेत तिचं नाव मीटिंगच्या शीर्षकात लिहू नका, आणि इतरांना फक्त मोकळी-व्यग्र वेळ दिसेल अशी सेटिंग ठेवा.

प्रश्न : बोर्ड मीटिंगची मिनिट्स (इतिवृत्त) मी लिहायची का?

उत्तर : नाही, ते काम कंपनी सेक्रेटरींचं. मसुदा 15 दिवसांत संचालकांकडे जातो, शेरे सात दिवसांत यायला हवेत. साहेबांचे शेरे त्या मुदतीत मिळवणं तुमच्याकडे, तेव्हा मसुदा आला त्याच दिवशी त्यांच्या वाचनाची वेळ अडवा.