निजण्याआधीचा अर्धा तास

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे तान्ह्या बाळांच्या रात्रीच्या झोपेविषयी आहेत. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण इतर अनेकांच्या शंकांचे निरसनही त्यातच होईल.

प्रश्न: माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. दिवसभर हसतखेळत असतो. पण रात्री आठ वाजल्यापासून किरकिर सुरू होते आणि झोप लागायला अकरा वाजतात. मांडीवर घेऊन हलवावे लागते, नाहीतर खांद्यावर टाकून घरभर फिरावे लागते. झोपला म्हणून अंथरुणावर ठेवले की डोळे टक्क उघडतो. रात्री तीन-चार वेळा उठतो आणि दर वेळी पुन्हा तीच कसरत करावी लागते. त्याचे बाबा नऊ वाजता घरी येतात आणि मग तर तो एकदम तरतरीत होऊन खेळू लागतो. झोपेआधी ठरावीक क्रम लावा, असे सगळेच सांगतात. पण म्हणजे नेमके काय करायचे, आणि त्याने खरोखर फरक पडतो का?
— एक आई

उत्तर: फरक पडतो, आणि तो कसा पडतो हे कळले म्हणजे काय करायचे हेही उमगते. तुमच्या पत्रात ‘अंथरुणावर ठेवले की डोळे टक्क उघडतो’ असे एक वाक्य आहे. अडचणीचे मूळ तेथेच आहे. बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते, मोठ्या माणसाचे सुमारे ९० मिनिटांचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप सावध होते, बाळ चुळबुळते, क्षणभर जागेही होते. आपणही रात्रीतून असे कितीदा तरी जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी आपल्याला ते आठवतही नाही. तुमचा मुलगा मात्र त्या क्षणी मांडीची ऊब आणि ती लय शोधतो, कारण डोळा लागताना त्याच्या अवतीभवती तेच होते. ते सापडले नाही की तो तुम्हाला हाक मारतो, आणि या वयात हाक मारायची म्हणजे रडायचे. यात त्याचा हट्ट नाही आणि तुमची चूक तर मुळीच नाही. सात महिने तुम्ही त्याला जसे जमेल तसे झोपवलेत. आता तो दुसरी रीत शिकण्याएवढा मोठा झाला आहे, इतकेच.

ठरावीक क्रम म्हणजे रोज त्याच सुमारास, एकामागून एक, तशाच केलेल्या तीन-चार शांत गोष्टी. बाळाला घड्याळ कळत नाही, पण अमुक झाले की तमुक होते हे त्याला फार लवकर कळते. अमेरिकेत जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०५ माता सहभागी झाल्या होत्या आणि त्यांची मुले सात महिने ते तीन वर्षे या वयोगटातील होती. त्यांपैकी काही मातांना दोन आठवडे रोज रात्री बाळाला अंघोळ घालणे, अंगाला हळुवार चोळणे, मग शांतपणे जवळ घेणे किंवा अंगाई म्हणणे आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत दिवा मालवणे, एवढेच करायला सांगितले होते. त्यांच्या मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचे उठणे कमी झाले आणि मातांची स्वतःची मनःस्थितीही सुधारली. पुढे २०१५ साली, लहान मुले असलेल्या दहा हजारांहून अधिक मातांकडून मिळालेल्या माहितीत असे दिसले, की आठवड्यातील जितक्या अधिक रात्री क्रम पाळला जातो, तितकी झोप चांगली लागते. मला यातील दिलासा महत्त्वाचा वाटतो. एखादी रात्र चुकली म्हणून सगळे मुसळ केरात जात नाही.

आता वेळेविषयी. रात्री आठला सुरू होणारी किरकिर म्हणजे झोपेची चाहूल नव्हे. ती चाहूल बहुधा आधीच येऊन गेलेली असते. उद्या संध्याकाळी सातच्या सुमारास हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याकडे नुसते पाहत बसा. खेळता खेळता त्याची नजर एका जागी खिळेल, हातातले खेळणे गळून पडेल आणि ते उचलायची त्याला इच्छा होणार नाही. भुवयांच्या आसपासची त्वचा किंचित लालसर दिसेल. तो कान ओढेल, चेहरा तुमच्या खांद्यावर घासेल. हीच वेळ. ती टळली की थकलेले मूल उलट अधिकच चेकाळते, आणि बाबा आल्यावर दिसणारा उत्साह बराचसा याच प्रकारचा असू शकतो. त्यामुळे दिवसाची शेवटची छोटी झोप फार उशिरा होऊ न देता, साडेसातच्या सुमारास क्रम सुरू करून पाहा. एवढे करूनही अंथरुणावर तासभर टक्क जागाच राहिला, तर सुरुवात थोडी उशिरा करा आणि झोप लवकर लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे आणा. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा. रात्रीचे गणित सकाळीच मांडले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी. हा पल्ला मोठा आहे, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

क्रमातील गोष्टी कोणत्या असाव्यात, याबद्दल मी आग्रही नाही. कोमट पाण्याची अंघोळ उपयोगी पडते, कारण त्यानंतर हातापायांतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर असे थोडे निवू लागले की झोप येते. पण अंघोळ म्हणताच तुमचा मुलगा पाणी उडवून खिदळत असेल, तर ती दिवसा घाला आणि रात्री ओल्या मऊ कापडाने अंग पुसा. त्यानंतर लंगोट आणि कपडे बदलणे, मग दिवा मंद करून दूध पाजणे, मग एखादे चित्रांचे पुस्तक किंवा अंगाई. उजेडाकडे विशेष लक्ष द्या. झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक प्रखर उजेडात कमी तयार होते. म्हणून दूध पाजण्याच्या वेळेपासूनच खोलीत अंधुक उजेड हवा आणि घरातील मंडळींनीही आवाज उतरवायला हवा.

दूध शेवटी न ठेवता पुस्तक किंवा अंगाई त्याच्यानंतर ठेवा, असे मी मुद्दाम सुचवत आहे. पिता पिता झोपण्याची सवय असलेल्या बाळाला दर वेळी जाग आली की स्तन किंवा बाटलीच हवी असते. शिवाय दात येऊ लागल्यावर रात्रभर तोंडात राहिलेल्या दुधाच्या बाटलीने दात किडतात. याचा अर्थ रात्रीचे दूध आजच बंद करा असा नाही. या वयातही पुष्कळ बाळांना रात्री एखाददोन वेळा खरोखर भूक लागते. तेव्हा जरूर पाजा, फक्त दिवा न लावता, न बोलता, न खेळवता पाजा आणि परत ठेवा.

सर्वांत अवघड भाग यानंतर येतो. अंगाई संपताना तो पेंगुळलेला असावा, पण पुरता झोपलेला नसावा. पापण्या जड झालेल्या, श्वास संथ होऊ लागलेला, हाताची मूठ सैल पडलेली. अशा वेळी त्याला छातीशी घट्ट धरून खाली वाका. आधी त्याचा पार्श्वभाग टेकवा, मग पाठ, आणि सगळ्यांत शेवटी हळूच डोके. लगेच हात काढून घेऊ नका. एक तळवा छातीवर तसाच राहू द्या, दुसऱ्या हाताने मांडीवर सावकाश थोपटा, तीच अंगाई हलक्या आवाजात गुणगुणत राहा. पहिल्या रात्री तो रडेल. थोपटूनही रडणे वाढले तर उचलून घ्या, शांत करा आणि पुन्हा ठेवा. असे पाच वेळा झाले तरी हरकत नाही. एकट्याला खोलीत रडत ठेवणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग नाही, आणि ज्या आईवडिलांना ते सोसवत नाही त्यांनी ते करावे असे मी कधीही सांगत नाही. काही दिवसांनी थोपटणे थांबवून नुसता हात ठेवा, मग नुसते शेजारी बसा. मध्यरात्री तो चुळबुळला तर लगेच उचलू नका. मिनिटभर थांबून ऐका. बाळे झोपेतही कण्हतात, हातपाय हलवतात, डोळे अर्धवट उघडतात, आणि कितीतरी वेळा आपणच घाईघाईने उचलून त्यांना पुरते जागे करतो.

झोपवताना बाळाला नेहमी उताणे ठेवावे. गादी घट्ट आणि सपाट असावी, आणि त्या गादीवर उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी अजिबात नसावीत. आईवडिलांच्या खोलीतच, पण बाळाची स्वतंत्र जागा असणे सर्वांत चांगले. दोन्ही बाजूंना सहज वळता येऊ लागलेले बाळ झोपेत आपणहून पालथे झाले, तर त्याला पुन्हा पुन्हा उताणे करण्याची गरज नसते.

बाबांच्या बाबतीत मला थोडे स्पष्ट लिहावे लागत आहे. बाळाला भेटण्याची त्यांची ओढ अगदी खरी आहे, पण त्यासाठी बाळाची झोप दोन तास लांबवणे योग्य नाही. त्यांनी सकाळचा पहिला तास आपल्याकडे घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशी रात्रीचा संपूर्ण क्रम एकट्याने करावा. सुरुवातीला बाळ कुरकुर करेल. तरीही करावा, कारण क्रम एकट्या आईच्याच हातचा राहिला तर तुम्हाला आजारी पडायचीही सोय उरत नाही.

दोन ते तीन आठवडे द्या. ताप, सर्दी किंवा प्रवास यांमुळे घडी विस्कटेल. बरे वाटले की पहिल्यापासून सुरुवात करा. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती विचारावीशी वाटते. बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप लागत नाही, सतत रडू येते, कशातच मन लागत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ होत असेल, तर त्याला नुसता थकवा समजू नका. आपल्या डॉक्टरांना सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न: आमची मुलगी पाच आठवड्यांची आहे. दिवसा गाढ झोपते आणि रात्री जागते. आताच शिस्त लावली नाही तर पुढे जड जाईल, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. तिला ठरावीक वेळेला झोपवण्याची सवय कशी लावावी?
— एक वडील

उत्तर: अजून लावू नका. या वयात दिवस आणि रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळच तयार झालेले नसते. ते साधारण दोन ते चार महिन्यांच्या काळात आकार घेते. पोट लहान असल्यामुळे तिला दर दोन-तीन तासांनी दूध लागते. दिवसभरातील १४ ते १७ तासांची झोप ती अशा तुकड्या-तुकड्यांनीच पुरी करणार. तुम्ही तिला फक्त खुणा पुरवायच्या. दिवसा पडदे उघडे ठेवा, घरातले आवाज नेहमीसारखे चालू द्या, जागी असेल तेव्हा तिच्याशी भरपूर बोला. रात्री उजेड अगदी कमी ठेवा आणि दूध पाजणे, लंगोट बदलणे ही कामे गप्प राहून उरका. एखादी अंगाई आतापासून म्हणत राहिलात तर उत्तमच. तीन-चार महिन्यांनी क्रम लावाल तेव्हा ते सूर तिच्या ओळखीचे असतील. या वयात मांडीवर किंवा खांद्यावर झोपवल्याने बाळ बिघडत नाही.

काही घरांत बाळाला पालथे घातले की चांगली झोप लागते, असे सांगतात. झोप गाढ लागते हे खरे, आणि धोकाही त्यातच आहे. बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तेथे जवळपास निम्म्यावर आले. तुम्ही स्वतः डुलक्या घेत असाल तेव्हा बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नका. बाळाला कापडात गुंडाळत असाल तर पाय मोकळे हलतील एवढी जागा ठेवा, आणि ती वळण्याचा प्रयत्न करू लागली की गुंडाळणे बंद करा.

प्रश्न: माझी अकरा महिन्यांची नात दिवसभर माझ्याजवळ असते आणि रात्री तिला मीच झोपवते. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय ती आडवीच होत नाही. बंद केला की आकांत करते. काय करावे?
— एक आजी

उत्तर: आजी, गाणे राहू द्या, फक्त पडदा काढून घ्या. चमकणाऱ्या, दर क्षणी बदलणाऱ्या चित्रांमुळे बाळाचे डोळे आणि मेंदू जागे राहतात. एक वर्षाखालील मुलांना मोबाइल किंवा टीव्ही अजिबात दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१९ च्या सूचनांत म्हटले आहे. तिची जी दोन गाणी लाडकी आहेत तीच तुम्ही स्वतःच्या आवाजात म्हणा. सूर कसा लागतो याची काळजी करू नका. तिला तुमचाच आवाज सर्वांत ओळखीचा आहे. पहिले तीन-चार दिवस आकांत होईल. त्या काळात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातील इतरांनीही तो तिच्यासमोर काढू नये.

मोबाइलच्या जागी तिच्या हाती एखादे काम द्या. माझ्या पाहण्यातील एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन रोज रात्री खिडकीपाशी जात, त्याचा हात पडद्यावर ठेवून दोघे मिळून पडदा ओढत आणि म्हणत, ‘खिडकी निजली.’ मग दिव्याच्या बटणाला हात लावून, ‘दिवा निजला.’ महिनाभरात झोप आली की ते बाळ स्वतःच खिडकीकडे बोट दाखवू लागले.

झोप यावी म्हणून सर्दीखोकल्याचे किंवा दुसरे कोणतेही औषध देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. अशा औषधांनी तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. आणि नात झोपेत रोज मोठ्याने घोरत असेल किंवा मध्येच तिचा श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर अंगाईवर विसंबून न राहता तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि जमल्यास तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवा.