एकच धर

प्रिय दोस्ता,

तुझी यादी वाचली. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी उशीर, शिफ्ट सुटताना भरलेले रिपोर्ट, तंबाखूची पुडी, घरी चिडचिड. आणि हे सगळं पाडव्यापासून बंद! आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल, वर स्वतःवरच वैतागशील ते वेगळं. एकच धर. मी रिपोर्ट धरला असता.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात दर तासाला तयार मालाचं माप घेऊन रिपोर्टच्या शीटवर लिहायचं असतं. पोरं काय करतात? पावणेतीनला मशीन पुसता पुसता आठही रकाने एका दमात भरतात. शीट हातात घेतली की लगेच कळतं. एकच शाई, एकाच घाईतले आकडे आणि आठही वेळा २५.०१. अरे, टूल झिजतं, माप थोडं तरी सरकणारच. इतकं सरळ माप फक्त कागदावर येतं.

तू स्वतःला आळशी म्हणतोस, मला ते पटत नाही. शीट सुपरवायझरच्या टेबलावर आणि माप घ्यायचा मायक्रोमीटर कपाटात असेल तर दर तासाला कोण उठणार? क्लिपबोर्ड मशीनशेजारी टांग, मायक्रोमीटर हाताशी ठेव. तासाभराचा माल मावेल एवढाच ट्रे घे. ट्रे भरला की माप, माप घेतलं की तिथल्या तिथे आकडा. घड्याळाकडे लक्ष राहत नाही, भरलेला ट्रे मात्र समोर दिसतो.

मोबाइलचंही तसंच. चार्जर स्वयंपाकघरात लाव आणि मेन रोडवरून साधं गजराचं घड्याळ आण. उशीर आपोआप आटोक्यात येईल. चिडचिडही बरीचशी अपुऱ्या झोपेची असावी, असा माझा संशय आहे.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, ते मनावर घेऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर एक अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. तेव्हा एखादं माप राहिलं तर 'आता गेलंच' म्हणून अख्खी शीट अंदाजाने भरू नकोस. तो रकाना कोरा ठेव. सुपरवायझर ओरडेल, ओरडू दे.

तुझा,
काका

ता. क. पुडीला एवढ्याने भागणार नाही, तिथे निकोटिन आहे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस जड जातात, पुढे दोन-चार आठवड्यांत तलफ उतरत जाते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि त्रिमूर्ती चौकातली ती टपरी टाळून ये, पाथर्डी फाट्यावरून वळसा पडला तरी चालेल.