जुन्या घराचे आतून फोटो काढायचेत, पसारा आवरू का? आणि अंधार आहे तर लाइट कोणता घेऊ?

नका आवरू. लाइटचं नंतर सांगतो, पसाऱ्याचं आधी बोलू द्या.

आमच्या मोठ्या मायच्या घरी शहरातून एक फोटोवाला आला होता. भाव पडलेला म्हणून कापूस विकलाच नव्हता, मधल्या खोलीत पार आढ्यापर्यंत भरलेला, त्याला लागूनच खाट, पोरं रात्रभर अंग खाजवत झोपायची. फोटो तिथंच तयार होता. पण या बाबाने टीव्ही उचलायला लावला, निळी प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर काढली, कृषी केंद्राचं कॅलेंडर उतरवलं आणि वरून कंदील आहे का विचारतो! मोठी माय म्हणे, "कंदील कायले पायजे बापा, लाइन हाय ना घरात."

फोटो छापून आला. आमचे भाऊजी अजूनही म्हणतात की फोटो भारी होता, कलाकाराला तेवढी मोकळीक लागते. कसली मोकळीक? टीव्ही कापसाच्याच पैशातून आला होता, तो हटवून तुम्ही कोणाचं घर दाखवताय?

1936 मध्ये वॉकर एव्हान्स नावाच्या फोटोग्राफरने अमेरिकेत अलाबामातल्या बटईने कापूस करणाऱ्यांची घरं आतून काढली. एका फोटोत नुसती फळ्यांची भिंत आहे आणि तिच्यावर ठोकलेल्या पट्टीमागे काटे-चमचे खोचलेत. माणूस कोणीच नाही. भाऊजींनी लगेच शोधून आणलं की त्यानेही सामान हलवलं असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणतात, वाद आहेच, पण म्हणून आमच्या फोटोवाल्याला माफी कशी मिळते? रिकामी खोलीच पाहिजे तर सेवाग्रामला बापूकुटीत जा ना. चटई, ठेंगणं डेस्क, भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली झाडं, बस. तिथं राहणाराच तसा होता, फोटोसाठी कोणी खोली खाली केली नव्हती.

लाइट विकत घेऊ नका, फ्लॅश तर नकोच, मातीची भिंत सपाट दिसते. एकाच बाजूची खिडकी उघडी ठेवा. व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांत बहुतेक डावीकडून उजेड येतो आणि भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतो, तो याच्यामुळे. मोबाइल पोत्यावर टेकवा, टायमर लावा, स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट ठेवून थोडं डार्क करा.

हं, पासबुक, औषधांच्या पट्ट्या वगैरे उघड्यावर असेल तर घरच्यांना विचारून बाजूला ठेवा, तेवढं चालतं. आणि घर भाड्याने द्यायला फोटो पाहिजे असतील तर खुशाल आवरा, आमच्या भाऊजींनाही बोलवा मदतीला.