कातकरी वाड्यांसाठी दरमहा आरोग्य शिबिर घेतल्याने उपयोग होईल का?

गावाजवळच्या दोन कातकरी वाड्यांसाठी आपले मंडळ दरमहा आरोग्य शिबिर घेण्याच्या विचारात आहे आणि त्याचा कितपत उपयोग होईल, असे आपण विचारले आहे. रायगड जिल्ह्यातील एका उपकेंद्रात मी बरीच वर्षे आरोग्यसेविका होते. त्या अनुभवावरून सांगते की दरमहाचा आग्रह सोडावा, वर्षातून दोनदाच पण नेमक्या वेळी जावे आणि उरलेला पैसा वाडीतली माणसे जिथे जातात तिथे खर्च करावा.

भाताची कापणी आटोपून दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी काही कुटुंबे कल्याण, भिवंडी, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर, तर काही कोळसा पाडायला थेट सोलापूर-कर्नाटकाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. महाराष्ट्रात माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या तीन जमाती केंद्र शासनाच्या यादीतील विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतात. त्यांपैकी गडचिरोलीतील भामरागडच्या माडियांपुढे दवाखान्याचे अंतर हा मोठा अडसर आहे, परंतु कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या मुंबई-पुण्याच्या मधल्या पट्ट्यात, डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष गावात राहणारी माणसे मोजतो. वीस-पंचवीस घरांची वाडी त्यात कशीबशी बसते, पण सहा महिने जागेवर नसलेली वाडी बसत नाही.

लसीकरणाचेच पाहा. सप्टेंबरच्या मध्यावर जन्मलेल्या बाळाचा दीड महिन्याचा डोस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो, अडीच महिन्यांचा नोव्हेंबरअखेरीस आणि साडेतीन महिन्यांचा डिसेंबरअखेरीस. पहिला मिळाला तर मिळाला, पुढचे दोन्ही भट्टीवरच्या मुक्कामात येतात. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जूनमध्ये, ऐन पेरणीच्या धांदलीत. अशाच एका बाळाच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, मी ‘स्थलांतरित’ असे लिहिले आणि डोस राहिलेल्या बाळांची माझी यादी साफ झाली. पावसाळ्यात आई परतली तेव्हा तिने कुडात खोचलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. आतले कार्ड जन्माच्या नोंदीनंतर कोरे होते, कारण कार्ड इथे राहिले होते आणि बाळ तिकडे. भट्टीवर लस द्यायला बाई आल्या होत्या, परंतु ‘ही मुलं आमच्या गावची नाहीत’ असे म्हणून त्या निघून गेल्या. त्यांना तरी काय बोलावे? मीही तेच केले होते, फक्त लिहून. क्षयरोगाच्या बाबतीत निक्षय या शासकीय ऑनलाइन नोंदणीतील क्रमांकामुळे रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. बाळांच्या आणि गरोदर बायांच्या नोंदीमागे मात्र माझ्या काळात कुणाला तरी स्वतः धावावे लागायचे.

म्हणून पहिली फेरी नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान आणि तीही दिवेलागणीनंतर घ्यावी. सकाळी अकराला फलक लावून खुर्च्या मांडल्या, तर म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी भेटतील. आठवडे बाजाराचा दिवसही टाळावा. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादमाचा फोन, गरोदर बाईचा दिवस भरण्याचा महिना, एवढे एका वहीत उतरवून घ्यावे. गरोदरपणात लोहाची लाल गोळी किमान १८० दिवस घ्यायची असते, परंतु ती महिन्यापुरतीच हातात पडते. मुक्कामाला पुरतील इतक्या गोळ्या देण्याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलावे. गोळीने शौचास काळे होते हे आवर्जून सांगावे, नाहीतर गोळ्या चुलीमागे जातात. जानेवारीत दोघा-तिघांनी ती वही घेऊन भट्टीच्या गावातील आरोग्यसेविकेला भेटावे. शिबिराच्या मांडवापेक्षा ही फेरी स्वस्त पडते. दुसरी फेरी जूनमध्ये, माणसे परतली की लगेच.

शासनाच्या पीएम-जनमन अभियानात (ते १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाले) देशातील कातकऱ्यांसारख्या ७५ विशेष दुर्बल गटांसाठी फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. त्या पथकाचे वेळापत्रक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घेऊन ऑक्टोबरातली एक संध्याकाळ मागून घ्यावी.

वही कोणाकडे असावी, हे सर्वांत महत्त्वाचे. आशाताई बहुधा मोठ्या गावातली असते आणि तिच्या भावकीच्या शेतावर याच बाया मजुरीला जातात. उपकेंद्राच्या पायरीशी चप्पल काढून खालीच उभ्या राहणाऱ्या, ‘वर या’ म्हटले तरी न येणाऱ्या बाया मी रोज पाहिल्या आहेत. वाडीतलीच, चार अक्षरे वाचता येणारी सून हाताशी धरावी आणि तिला दरमहा मानधन द्यावे. ती स्वतः भट्टीवर गेली तर उत्तमच, वहीही तिच्याबरोबर जाईल.

आणि कार्डे कुडात खोचू नका, तांदळाच्या डब्यात ठेवा, असे तिच्याकडून घरोघर सांगावे. वाडी सोडताना तो डबा कोणी मागे ठेवत नाही.