'पिपांत मेले ओल्या उंदिर' मुक्तछंदात आहे का? तिचं वृत्त, यमक, पुनरावृत्ती कशी तपासायची?

मुक्तछंदात नाही. बा. सी. मर्ढेकरांची ही कविता पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पादाकुलक या वृत्तात आहे: दर ओळीत १६ मात्रा (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप), आठ-आठचे दोन भाग. विषय आणि मोडलेल्या ओळी यांमुळे ती मुक्त वाटते. म्हणून अर्थाला हात घालण्याआधी मात्रा मोजा.

लघूची, म्हणजे ऱ्हस्व अक्षराची, एक मात्रा; गुरूच्या, म्हणजे दीर्घ, अनुस्वाराच्या किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणाऱ्या अक्षराच्या, दोन. 'पिपांत मेले' १+२+१+२+२ = ८; 'ओल्या उंदिर' २+२+२+१+१, पुन्हा ८. घोळ होतो तो जोडाक्षरापाशी. 'माना पडल्या, आसक्तीविण' ही ओळ घ्या. 'क्ती'चा आघात मागच्या 'स'वर येतो, म्हणून 'स' गुरू. 'पडल्या' म्हणताना 'ड'वर आघात येत नाही, तो लघूच. दोन्हीकडे सरसकट गुरू धरलात तर १७ मात्रा होतात. शुद्धलेखनही सुधारू नका. उंदिर, गरिब, देउन हे ऱ्हस्व वृत्तासाठी आहेत. 'उंदीर' केलं की एक मात्रा वाढली.

'काचेचे पण;' आणि 'मधाळ पोळें;' या दोन तुटक ओळी मोजा: आठ आणि आठ. म्हणजे १६ मात्रांची एकच ओळ मधोमध तोडली आहे. 'पोळें' वरच्या 'डोळे'शी यमक जुळवतं, त्यामुळे डोळ्यांना तुटलेली ओळ कानाला सलगच लागते.

यमकं सरळ आहेत: मुरगळल्याविण–आसक्तीविण, देउन–घेउन. पण लागोपाठ दोन ओळींच्या शेवटी येणाऱ्या 'सक्ती आहे'ला यमक म्हणू नका, ती पुनरुक्ती आहे. शिवाय ही 'सक्ती' आधीच 'आसक्ती'च्या पोटात ऐकू आलेली असते. आसक्ती नाही, सक्ती मात्र आहे. माझ्या मते कवितेतला सगळ्यात जबर नाद हाच. 'तेही–बेकलायटी' इथे फक्त शेवटचा ई जुळतो.

पुनरावृत्ती तपासताना काय परत आलं एवढंच लिहून थांबू नका. त्याच्या शेजारचं काय बदललं तेही टिपा. 'ओठांवरती' तीनदा येतं: आधी 'ओठ मिळाले', मग 'जमले तेही', शेवटी 'ओठ लागले'. 'पिपांत'ही तीनदा, त्यात दोनदा उंदीर 'मेले', तिसऱ्यांदा 'न्हाले! न्हाले!'. दोन्ही क्रियापदं चार मात्रांची, दोन्हींचा शेवट 'ले'. त्यामुळे मरण्याच्या जागी न्हाणं येतं आणि लय जराही अडखळत नाही.