एकादशीला बोबा चालतो का?

प्रिय मनू,

काल ड्युटीला निघताना तू मला दारातच अडवलंस. एका हातात साबुदाण्याच्या खिचडीची ताटली, दुसऱ्या हातात ह्यूमन जिऑग्राफीचं पुस्तक. "आई, साबुदाणा टॅपिओकाचा आणि बोबाचे मोतीही टॅपिओकाचे. उपवासाला चहा चालतो, दूध चालतं, साखर चालते. मग कार्तिकी एकादशीला बोबा टी, म्हणजे ते मोती घातलेला थंड दुधाचा चहा, का चालत नाही?" मी "उशीर होतोय" म्हणून सटकले. खरं तर उत्तर सुचलं नव्हतं. आता रात्रीचे तीन वाजलेत, वॉर्ड शांत आहे. तू उठशील तेव्हा मी झोपलेली असेन, म्हणून लिहूनच ठेवते.

आधी तुझ्या ताटलीची झडती घेऊ. टॅपिओका आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, शेजारी ठेवलेलं रताळंही त्याच खंडांतलं. तूप, मीठ, जिरं आणि वर भुरभुरवलेलं खोबरं सोडलं तर विठोबाच्या नावाने केलेल्या त्या ताटलीतलं काहीच १४९२ च्या आधी आपल्याकडे नव्हतं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून यातलं बरंचसं आपल्या किनाऱ्याला लागलं. राजगिऱ्याच्या दाण्यांची गोष्ट तर आणखी मजेची. मेक्सिकोत ॲझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करायचे, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांना त्याचा राग. इथे अमेरिकेतल्या मेक्सिकन दुकानात काउंटरजवळ 'अलेग्रिया' नावाच्या वड्या असतात ना, त्या एकदा खाऊन बघ. आजीने गुळातला राजगिऱ्याचा लाडू थापून चपटा केलाय असं वाटेल.

एवढं सगळं परकं निघालं म्हटल्यावर 'मग आपलं काय उरलं' असं तू म्हणशील. तुझ्या पुस्तकात कल्चर ट्रेट म्हणून एकेका वस्तूची, चालीरीतीची यादी करायला शिकवलंय. परीक्षेला कर यादी. पण नुसत्या यादीने घर कळत नाही, पंगत बघावी लागते. दारात आलेल्या नव्या पाहुण्याला कोणाशेजारी पाट मांडला, ते बघायचं.

ते शब्दांतच दिसतं बघ. तिखट मिरीची ओळख होती, म्हणून नवं तिखट आलं त्याला मिरीवरून मिरची म्हटलं. शेंगा जमिनीखाली लागतात म्हणून शेंगदाण्याच्या झाडाला भुईमूग म्हटलं. आता गंमत अशी की उपवासाला मूग चालत नाही, भुईमूग चालतो! बटाट्याला मात्र आपण पोर्तुगीज नावासकट घरात घेतलं. कोकणी आणि गुजरातीतही तोच शब्द. हिंदीवाल्यांनी जुन्या कंदाचं 'आलू' हे नाव त्याला दिलं. नकाशावर 'बटाटा' म्हणणाऱ्यांची आणि 'आलू' म्हणणाऱ्यांची गावं रंगवलीस तर पश्चिम किनाऱ्याला धरून एक पट्टा उमटेल. असे नकाशे काढायला तुझ्या बाईंना आवडतील.

उपवासाचा जुना नियम असा, की धान्य-कडधान्य नाही, कंदमुळं आणि फळं चालतात. बटाटा, रताळं आणि कसावा कंदच, त्यामुळे ते कंदमुळांच्या पंगतीत सहज बसले. टोमॅटोही अमेरिकेहूनच आला, पण तो आपल्या घरात भाजी म्हणून शिरला, त्यामुळे खिचडीत त्याला अजून जागा नाही. हा नियम काही दगडावरची रेघ नव्हे. आपल्याकडे कोथिंबीर चालते, आत्याकडे चालत नाही, आणि या एका मुद्द्यावर तुझ्या बाबांच्या घरी दर एकादशीला परिषद भरते.

त्याच कसाव्याचं केरळात काय होतं ते बघ. तिथे कप्पा म्हणून तो उकडतात आणि माशाच्या झणझणीत कालवणाबरोबर खातात. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात त्याच्या लागवडीला जोर दिला होता. पुण्यात तो सोवळ्यातला, कोट्टायमला मासळीचा सोबती. आणि आपल्या खिचडीचा दाणा येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमहून. मूळ साबुदाणा तर कसाव्याचा नव्हताच. आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढायचे तो. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल अडला, तेव्हा सेलमकडे कसाव्यापासून दाणे करायचे कारखाने उभे राहिले. झाड बदललं, नाव तेच राहिलं, उपवास चालूच.

प्रत्येक पाहुण्याचं असं स्वागत होत नाही. पावाचंच बघ. पोर्तुगीजांचा पाव खाल्ला की माणूस बाटला असं कित्येक पिढ्या मानायचे. वस्तू तोंडापर्यंत पोचते, पण तिच्यासोबत कोण आलंय हे बघून लोक तोंड मिटतात. पुस्तकात डिफ्यूजनचे, म्हणजे वस्तू आणि चाली कुठून कुठे पसरल्या त्याचे, बाण झोकात काढलेत, पण अशा मिटलेल्या तोंडांसाठी नकाशात खूण नाही. स्टिम्युलस डिफ्यूजनला, म्हणजे कल्पना बाहेरची पण वस्तू आपल्या पद्धतीने बदललेली, याला तर मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या बर्गरचंच उदाहरण दरवेळी. कंटाळा कसा येत नाही यांना!

आता चहा. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक सभा झाली. टिळक, रानडे अशी मोठी मंडळी तिथे होती. सभेनंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात गदारोळ झाला. हे गोपाळराव म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. आपल्या घरापासून तासाभरावर, फिलाडेल्फियात, १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तिथे तुला नेलं होतं. तर ते चहाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाच्या एका कपापायी! आणि आज आजीच्या निर्जळी उपवासातसुद्धा 'घोटभर चहा' असतोच. निर्जळीत चहा कसा, हे तिला विचारायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मी झटकन 'नाही' म्हणाले नाही. ब्रेकमध्ये भारतात फोन लावला, तिकडे दुपार होती. आजीला बोबा काय असतो ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे साबुदाण्याची खीरच की, पेल्यातली."

"हो, पण थंड. आणि जाड नळीने ओढून प्यायची."

"त्यात मैदा घालतात का गं?"

मी तुझ्या त्या पाकिटावर वाचलं होतं, नुसतं टॅपिओकाचं पीठ, पाणी आणि रंगापुरती साखर. तसं सांगितलं.

आजी जरा थांबली. मग म्हणाली, "चालेल. पण तिला म्हणावं बाहेरचं नको, घरी कर. आणि आत्याला सांगू नका."

पाकीट वरच्या कप्प्यात आहे, मोती आधी उकळत्या पाण्यात टाक. चहा माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
आई