ड्यूक–नॉर्थ कॅरोलिना सामन्यासाठी तंबूत राहणारे विद्यार्थीच खरे निष्ठावान चाहते म्हणायचे का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना टीव्हीवर पाहताना ड्यूकचे विद्यार्थी मैदानाला खेटून अखंड गर्जना करताना दिसतात, त्यासाठी ते आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात असेही ऐकायला मिळते. उलट नॉर्थ कॅरोलिनाच्या क्रीडागृहात दुपटीहून अधिक प्रेक्षक असूनही पुढच्या रांगा निवांत बसलेल्या असतात, तर यावरून ड्यूकचे चाहते अधिक निष्ठावान ठरतात का?

माझे पदव्युत्तर शिक्षण ड्यूकमध्ये झाले आणि त्यानंतरही मी याच परिसरात राहतो, त्यामुळे माझा जीव कोणत्या संघात अडकला आहे हे उघडच आहे. तरीही माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पडद्यावर दिसणारा हा फरक प्रामुख्याने जागावाटपाच्या रीतीचा आहे. एका ठिकाणी जागा वेळ देऊन मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी बऱ्याच अंशी देणगी देऊन मिळते. त्या रीतीने दारातून जो आत येतो, तोच आपल्याला दिसतो.

आधी ड्यूकचे पाहू. कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० साली सुरू झाले आणि आजही त्याची क्षमता अवघी ९,३१४ आहे. इतक्या नावाजलेल्या संघासाठी हे क्रीडागृह फारच लहान आहे. पण विद्यापीठाने ते पाडून मोठे बांधलेले नाही, आणि माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. मैदानालगतच्या खालच्या फळ्यांवरच्या, म्हणजे लांब बाकांच्या रांगांवरच्या, जागा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात आणि तिथे कोणी बसत नाही; सामना संपेपर्यंत सगळे उभेच असतात. पाहुण्या संघाचा खेळाडू त्या बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभा राहिला, की त्याची पाठ आणि विद्यार्थ्यांची पहिली ओळ यांच्यात वीतभरच अंतर उरते, आणि मागून वीस-पंचवीस हात त्याच्या दिशेने लांब होऊन बोटे नाचवू लागतात. त्याला स्पर्श करायचा नाही हे सर्वांना ठाऊक असते आणि ते पाळलेही जाते, पण चेंडू कोणाला द्यायचा हे ठरवायला असलेल्या पाच सेकंदांत त्या खेळाडूच्या मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवत असणार, एवढे ते जवळ असते.

या फळ्यांवर पोहोचण्याचा मार्ग तंबूतून जातो. १९८६ साली काही विद्यार्थी नॉर्थ कॅरोलिनाविरुद्धच्या सामन्यासाठी क्रीडागृहाबाहेर तंबू ठोकून राहिले आणि तेव्हापासून ही प्रथा रुजली. ड्यूकचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या नावावरून त्या हिरवळीला शशेव्स्कीव्हिल, बोलीत (आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून) के-व्हिल, म्हणतात. आज तिचे नियम लिखित आहेत. एका तंबूत जास्तीत जास्त १२ जण नाव नोंदवतात. जानेवारीत सुरू होणाऱ्या सर्वांत कडक टप्प्यात त्यांपैकी बहुतेकांना रात्री तिथेच झोपावे लागते, पुढच्या टप्प्यांमध्ये ही अट सैल होत जाते. रांगेवर देखरेख ठेवणारे विद्यार्थी कधीही, अगदी पहाटेसुद्धा, हजेरी पुकारतात आणि हजेरी हुकत गेली की तंबू रांगेच्या शेवटी जातो. थंडी धोक्याची झाली तर खोलीवर जायची मुभा मिळते. अलीकडे इच्छुक तंबूच जागांपेक्षा जास्त होऊ लागल्याने संघाच्या इतिहासावर चक्क परीक्षा घेऊन क्रम लावला जातो. शशेव्स्की स्वतः या मुलांसाठी पिझ्झा मागवत, मोठ्या सामन्याच्या आधी त्यांना आत बोलावून त्यांच्याशी संघाविषयी मोकळेपणाने बोलत. त्या मुलांना आपण संघाचाच भाग आहोत असे वाटते, त्यामागे हे बोलावणे आहे.

आम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांची रीत निराळी होती. हंगामाच्या खूप आधी एका शनिवार-रविवारी सगळ्यांनी पार्किंगच्या जागेत मुक्काम करायचा. कोणी तंबू लावत, कोणी भाड्याच्या मालवाहू ट्रकच्या मागच्या भागात गाद्या टाकून झोपत. भोंगा वाजला की ठरावीक मिनिटांच्या आत टेबलापाशी जाऊन हजेरी द्यायची, आणि अखेरपर्यंत टिकलेल्यांच्या नावांची सोडत काढून हंगामाची तिकिटे विकत घेण्याचा हक्क द्यायचा. पहाटेच्या भोंग्याला माझ्या शेजारच्या ट्रकमधला रसायनशास्त्राचा एक संशोधक एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घालून पळत गेला होता आणि टेबलावरच्या मुलीने त्याचे ओळखपत्र दोनदा निरखून पाहिले होते. सोडतीत त्याचे नाव आले नाही. मला अजूनही वाटते की त्याची निष्ठा आत पोहोचलेल्या कोणाहूनही कमी नव्हती.

लालबागच्या राजाच्या दर्शनाला तासन्‌तास नवसाच्या रांगेत उभे राहणारे आणि ओळखीच्या पासावर बाजूने आत जाणारे यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. रांगेने माणसे घडतात. शेजारच्याचे नाव, गाव, त्याच्या आईची तब्येत हे सगळे कळते, आणि असा जमाव एकदिलाने ओरडला तर त्यात नवल नाही.

आता नॉर्थ कॅरोलिनाकडे वळू. चॅपल हिल हे गाव ड्यूकच्या डरहॅमपासून सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. तिथले डीन स्मिथ सेंटर जानेवारी १९८६ मध्ये उघडले. पहिलाच सामना ड्यूकविरुद्ध होता आणि नॉर्थ कॅरोलिनाने तो ९५–९२ असा जिंकला. क्षमता २१,७५० च्या आसपास. हे भव्य क्रीडागृह देणग्यांवर उभे राहिले आणि देणगीदारांना मैदानालगतच्या चांगल्या जागांचे हक्क मिळाले. त्या कुटुंबांनी ते हक्क जपले, ती माणसे वयाने वाढली, आणि खालचा भाग कायम शांत राहिला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू सॅम कॅसेल १९९१ मध्ये तिथे खेळून गेल्यावर म्हणाला की हे ड्यूकसारखे प्रेक्षक नाहीत, ही चीज आणि वाइनवाली मंडळी आहेत. ते शब्द त्या विद्यापीठाला इतके झोंबले की आजही ते विसरले गेलेले नाहीत, आणि पुढे एका बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी उभे राहण्याची जागा करण्यात आली.

पण हाच जमाव दुसऱ्या रीतीने आत सोडला तर काय होते, हेही तिथे दिसून गेले आहे. जानेवारी २००० मध्ये परिसरात विक्रमी हिमवृष्टी झाली, रस्ते बंद पडले, आणि मेरीलँडविरुद्धच्या सामन्याला दूरवरचे तिकीटधारक येऊ शकणार नाहीत म्हणून जो येईल त्याला आत घेण्यात आले. बर्फ तुडवत आलेले विद्यार्थी थेट खालच्या रांगांत बसले आणि क्रीडागृह दणाणून गेले. इमारत तीच होती, संघ तोच होता. ज्यांना ‘शांत’ म्हणून हिणवले जाते त्यांच्या विद्यापीठातच ही ताकद होती. फक्त तिला वरच्या रांगांत बसवून ठेवले होते.

निष्ठेचा आणखी एक पदर आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ड्यूक हे खासगी विद्यापीठ आहे. पदवीचे विद्यार्थी साडेसहा हजारांच्या घरात, त्यांतले बहुतेक राज्याबाहेरून आलेले आणि चार वर्षांनी परत जाणारे. नॉर्थ कॅरोलिना हे त्याच नावाच्या राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ आहे. या राज्यात मला असे कितीतरी लोक भेटले ज्यांनी, किंवा ज्यांच्या घरातल्या कोणीही, त्या विद्यापीठाची पायरी चढलेली नाही. तरी त्या संघाचा हलका निळा रंग त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. वुडी डरहॅम १९७१ ते २०११ अशी चाळीस वर्षे या संघाचे रेडिओवर धावते वर्णन करत होते, आणि घरोघरी टीव्हीचा आवाज बंद करून चित्राला रेडिओवरचे त्यांचे वर्णन जोडण्याची पद्धत होती. विभागीय स्पर्धेच्या दिवसांत शाळेतले शिक्षक वर्गात टीव्ही आणून लावत, ही आठवण इथल्या मध्यमवयीन माणसांना हमखास असते. हे लोक कोणत्याही उपस्थितीच्या आकड्यात येत नाहीत. विद्यापीठाला मिळणाऱ्या प्रेमाचा फार मोठा भाग असा क्रीडागृहाबाहेर आहे, आणि ड्यूकचा चाहता असूनही मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

शिवाय या सामन्याची गर्दी निष्ठेची कसोटी होऊच शकत नाही, कारण ती कधी कमी पडत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकचा गाजलेला खेळाडू झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला आणि तो बाहेर गेला, त्या रात्री तिकिटांचे दर डोळे फिरवणारे होते आणि बराक ओबामा प्रेक्षकांत होते. अशा रात्री नुसती उत्सुकतासुद्धा क्रीडागृह भरते. कसोटी पाहायची तर डिसेंबरमधल्या एखाद्या कामाच्या दिवशी, अनोळखी संघाविरुद्ध, परीक्षा तोंडावर असताना कोण येते ते पाहावे. तेव्हा के-व्हिलची हिरवळ ओस असते आणि ड्यूकच्या विद्यार्थ्यांच्या फळ्यांवरही मोकळी जागा दिसते. हे मी पाहिले आहे आणि मला ते खुपते.

मात्र हरल्यावर कोण थांबते, हीही एक कसोटी आहे. ५ मार्च २०२२ रोजी शशेव्स्कींचा कॅमेरॉनमधला शेवटचा सामना होता आणि समोर नॉर्थ कॅरोलिनाच होते. ड्यूक ८१–९४ असे हरले. त्यानंतर ठरलेला निरोप समारंभ व्हायचा होता. शशेव्स्कींनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन आधी प्रेक्षकांची क्षमा मागितली आणि आजचा खेळ मान्य होण्यासारखा नव्हता असे स्पष्ट सांगितले. लोक पराभवाचा सल गिळून समारंभाला थांबले होते. महिन्याभरात न्यू ऑर्लीन्सला राष्ट्रीय उपांत्य सामन्यात पुन्हा नॉर्थ कॅरोलिनानेच ड्यूकला ८१–७७ असे हरवून त्यांची कारकीर्द संपवली, आणि चॅपल हिलमध्ये फ्रँकलिन स्ट्रीट माणसांनी तुडुंब भरली. ड्यूकला हरवले की त्या रस्त्यावर धाव घ्यायची, ही तिथली रूढ रीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये साथीमुळे कॅमेरॉन रिकामे ठेवून सामना झाला आणि नॉर्थ कॅरोलिना ९१–८७ असे जिंकले, तेव्हा निर्बंध असतानाही शेकडो विद्यार्थी त्या रस्त्यावर उतरले. साथीच्या काळात ते चुकीचेच होते असे माझे मत आहे, पण रिकाम्या क्रीडागृहामुळे त्यांचे मन रिकामे झाले नव्हते, हेही त्यातून दिसते.

आपला मुलगा इथून जवळच्या कॅरी या गावी राहतो आणि आपण हिवाळ्यात त्याच्याकडे जाणार आहात असे आपण लिहिले आहे, म्हणून शेवटी एक सूचना करतो. पुरुषांच्या सामन्याच्या तिकिटामागे लागू नये. ते मिळणे कठीण आणि खर्चाचे आहे. याच दोन विद्यापीठांच्या महिला संघांचा सामना पाहावा, त्याची तिकिटे सहसा सहज आणि परवडणाऱ्या दरात मिळतात. ड्यूकच्या महिला कॅमेरॉनमध्येच खेळतात, त्यामुळे त्या फळ्या जवळून पाहता येतील. चॅपल हिलला सामना असेल तर तो कारमायकल या जुन्या क्रीडागृहात होतो, जिथे १९८६ पर्यंत पुरुषांचा संघ खेळत असे आणि मायकल जॉर्डनही विद्यार्थिदशेत खेळला. थोडे लवकर जाऊन बाजूच्या रेषेलगतची जागा धरावी.